जुनी शाळा पाडण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांच्या इमारतींविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की आता ते व्यवहारज्ञान म्हणूनच सांगितले जाते. शाळा जुनी झाली की पाडावी आणि नवी बांधावी. दुरुस्तीत पैसा घालणे ही भावनेपोटी केलेली उधळपट्टी. पट घटून शाळा रिकामी पडली की ती विकावी आणि मोकळे व्हावे. आणि हे निर्णय जाणकारांनी घ्यावेत, असले तांत्रिक प्रश्न मतपेटीत टाकू नयेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांची चर्चा निघाली की तेच मत थोड्या वेगळ्या शब्दांत ऐकू येते.

मला हे मत चुकीचे वाटते. पण ज्याचे खंडन करायचे त्याची बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडावी, हा आपल्या वादपद्धतीचा जुना दंडक आहे. तेव्हा आधी पूर्वपक्ष. निवाडा वाचकांनी करायचा आहे, म्हणून त्याआधी व्यवस्थेची थोडी ओळख.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा चालवते ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था. तिचे मंडळ सहसा लोकांनी निवडून दिलेले असते, इमारती तिच्या मालकीच्या असतात आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे मालमत्ता कर, आपल्या भाषेत घरपट्टी. रोजचा खर्च या उत्पन्नातून आणि राज्याच्या अनुदानातून भागतो. मोठे बांधकाम किंवा नूतनीकरण काढायचे तर संस्था रोखे विकून कर्ज उभारते आणि ते वीस-तीस वर्षांत वाढीव घरपट्टीतून फेडते. बहुतेक राज्यांत या कर्जाला आधी मतदारांची मंजुरी लागते. मतपत्रिकेवर रक्कम असते, हेतू असतो, कराचा अंदाजही असतो. होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यायचे.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. १० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला संध्याकाळी सहाच्या सुमारास भूकंप झाला. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या, आणखी १२० शाळांची मोठी हानी झाली. मुले घरी गेलेली होती म्हणूनच अनर्थ टळला. साठ वर्षांनी, २५ मार्च १९९३ रोजी ऑरेगन राज्यातल्या मोलाला गावच्या विटांच्या जुन्या हायस्कूलची भूकंपात अशीच दुर्दशा झाली. पहाटेची वेळ आणि वसंताची सुट्टी, म्हणून तिथेही मुले वाचली. नशिबाने दोनदा साथ दिली. तिसऱ्यांदा देईल याची हमी कोण घेणार?

दुसरा मुद्दा खर्चाचा. जुन्या इमारतीची भिंत उघडली की आत काय निघेल ते सांगता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस निघतो, शिशाचे नळ निघतात, कुजलेले वासे निघतात, आणि अंदाजपत्रक फुगत जाते. म्हणून ओहायोसारख्या राज्यांनी दंडक घातला की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे गेला तर नवीनच बांधावे. तिसरा मुद्दा मतदारांचा. मतदार आपला खिसा पाहून मत देतो. ज्याच्या घरी शाळकरी मूल नाही तो कशाला कर वाढवून घेईल? शिवाय प्रस्ताव फेटाळला गेला की वर्षे वाया जातात आणि तेवढ्यात बांधकामाचे दर चढतात. चौथा मुद्दा रिकाम्या शाळांचा. शिक्षणसंस्थेचे काम शिकवण्याचे आहे, वाडे सांभाळण्याचे नाही. विकून आलेला पैसा मुलांवर खर्च करावा.

हा पूर्वपक्ष मी सौम्य केलेला नाही. आता उत्तर.

लाँग बीचच्या भूकंपानंतर महिनाभरात कॅलिफोर्नियाने ‘फील्ड कायदा’ केला. तो काय म्हणतो? शाळेच्या इमारतीचा आराखडा भूकंपाचा विचार करूनच झाला पाहिजे, तो राज्याच्या यंत्रणेने तपासला पाहिजे आणि बांधकामावर सतत देखरेख राहिली पाहिजे. पुढे १९३९ च्या ‘गॅरिसन कायद्या’ने १९३३ च्या आधीच्या इमारती तपासण्याची जबाबदारी शिक्षणमंडळांवर टाकली. या कायद्यांचा रोख असुरक्षित बांधणीवर होता, वयावर नव्हता. लोखंडी सांगाड्याशिवाय रचलेली विटांची भिंत धोक्याची असते, मग ती १९१५ ची असो वा १९५० ची. भिंतीला मजल्याशी बांधले, आतून काँक्रीटच्या किंवा पोलादाच्या आधारभिंती घातल्या की ती उभी राहते. हे जगभरातले अभियंते आज करीत आहेत.

पोर्टलंडचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते मोलालाच्याच राज्यातले शहर आहे आणि तोच भूकंप त्यानेही अनुभवला होता. तिथली फ्रँकलिन, रूझवेल्ट आणि ग्रँट ही तिन्ही हायस्कुले पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा त्यानंतरच्या दशकातली. २०१२ साली मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांतून त्यांचे भूकंपरोधक मजबुतीकरण झाले, आत नव्या प्रयोगशाळा आल्या, नवे भाग जोडले गेले आणि विटांचे ते दर्शनी रूप तसेच राहिले. धोका संपवायचा असेल तर इमारतच संपवली पाहिजे, हे अनुमान इथे खोटे ठरले. धोका हे मजबुतीकरणाचे कारण आहे. पाडकामाचे ते आपोआप कारण होत नाही.

आता दोन-तृतीयांशाचा दंडक. तो इतक्या ठिकाणी प्रमाण मानला गेला की त्याचे गणित कोणी तपासून पाहत नाही. दुरुस्तीला सत्तर लागतात आणि नव्याला शंभर, असे धरू. दंडक म्हणतो, शंभर खर्च करा. तीस जास्त का खर्च करायचे? कारण नवी इमारत जास्त टिकेल, असे गृहीत आहे. हे गृहीत कोणी सिद्ध केले आहे? शिवाय त्या शंभरात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, तेही पाहू. नवी शाळा बहुधा गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर जाते. त्या जमिनीपर्यंतचा रस्ता, सांडपाण्याची वाहिनी, दररोज धावणाऱ्या बसगाड्या, जुन्या इमारतीचे पाडकाम आणि मलब्याची विल्हेवाट हे खर्च दुसऱ्याच कोणत्या तरी खात्यावर पडतात. शंभरच्या रकान्यात ते दिसत नाहीत. भरतो मात्र तोच करदाता.

या दंडकाचा खरा दोष याहून खोल आहे. दुरुस्ती जितकी टाळाल तितका तिचा खर्च वाढतो. खर्च वाढला की तो दोन-तृतीयांशाची रेषा ओलांडतो. रेषा ओलांडली की पाडण्याला कागदोपत्री समर्थन मिळते. म्हणजे ज्या मंडळाने वीस वर्षे छपराकडे पाहिले नाही, त्यालाच नव्या इमारतीचे बक्षीस! १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने देशभरच्या शाळांची पाहणी केली, तेव्हा त्या चांगल्या स्थितीत आणण्यासाठी ११२ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज निघाला. सुमारे एक-तृतीयांश शाळांना मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी हवी होती, आणि त्यांत एक कोटी चाळीस लाख मुले शिकत होती. पंचवीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कार्यालयाला आढळले की ४१ टक्के डिस्ट्रिक्टना आपल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक शाळांतली हवा खेळवण्याची आणि उष्णता राखण्याची यंत्रणा बदलण्याची किंवा सुधारण्याची गरज आहे. मधल्या काळात नव्या शाळा थोड्या बांधल्या गेल्या का? मुळीच नाही, भरपूर बांधल्या गेल्या. पण देखभालीची सवय नसेल तर नवी इमारतही जुन्या वाटेनेच जाते.

आणि मुलांना शाळेच्या इमारतीकडून नेमके काय हवे असते? इथे अनुमानावर विसंबण्याची गरज नाही. बारबरा बियासी, ज्युलियन लाफॉर्च्युन आणि डेव्हिड शॉनहोल्त्सर या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या अनेक राज्यांतली रोख्यांची मतदाने तपासली. जिथे प्रस्ताव निसटता मंजूर झाला आणि जिथे निसटता फेटाळला गेला, त्या डिस्ट्रिक्टची त्यांनी तुलना केली. ही पद्धत न्याय्य आहे, कारण थोडक्यात जिंकलेले आणि थोडक्यात हरलेले डिस्ट्रिक्ट बाकी बाबतींत जवळजवळ सारखेच असतात. निष्कर्ष असा की हवा खेळवण्याची यंत्रणा, सुरक्षितता आणि आरोग्य यांवर खर्च झाला तिथे मुलांचे गुण सुधारले. क्रीडासंकुलांवर खर्च झाला तिथे आजूबाजूच्या घरांच्या किमती वाढल्या, गुण मात्र वाढले नाहीत. गुण वाढवणाऱ्या या यादीतली कामे पाहा. स्वच्छ हवा, विषारी द्रव्यांपासून मुक्ती, सुरक्षित इमारत. यातले कोणते काम जुन्या इमारतीत करता येत नाही?

जमिनीचा प्रश्नही इथेच उरकतो. शालेय इमारतींच्या नियोजनकारांच्या संघटनेने कित्येक दशके असा मापदंड चालवला की प्राथमिक शाळेला दहा एकर आणि दर शंभर मुलांमागे आणखी एक एकर, हायस्कुलाला तीस एकर आणि दर शंभरामागे एक. वस्तीतल्या बहुतेक जुन्या शाळांना एवढी जागा कधीच नव्हती, म्हणून त्या ‘निकषात न बसणाऱ्या’ ठरल्या. शाळा गावाबाहेर गेल्या. १९६९ मध्ये अमेरिकेतली पाच ते चौदा वयोगटातली जवळपास निम्मी मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत, पण शाळाच चालत जाण्याच्या अंतरावर उरली नाही हे त्यांतले एक ठळक कारण. २००४ मध्ये त्या संघटनेने स्वतःच एकरांचा तो मापदंड सोडून दिला. तोवर किती शाळा त्याच्या नावावर पाडल्या गेल्या होत्या! राष्ट्रीय वारसा जतन न्यासाच्या २०१२ च्या अभ्यासाने आणखी एक हिशेब मांडला. नवी इमारत ऊर्जेची ३० टक्के बचत करणारी असली, तरी ती बांधताना हवामानाचे जे नुकसान होते ते भरून निघायला, इमारतीचा प्रकार आणि ठिकाण यांनुसार, १० ते ८० वर्षे लागतात. तपासलेल्या प्रकारांत प्राथमिक शाळाही होती आणि शहरांत पोर्टलंडही होते.

आता मतदारांविषयी. माझ्या मते या वादाचा गाभा इथे आहे.

मतदार केवळ खिसा पाहतो, हे खरे असते तर पोर्टलंडचा इतिहास घडलाच नसता. मे २०११ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने ५४ कोटी ८० लाख डॉलरचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. करनिर्धारित मूल्याच्या दर हजार डॉलरमागे दोन डॉलरचा बोजा होता. प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, आम्ही म्हणत होतो तेच झाले. पण पुढे काय झाले? मंडळाने प्रस्ताव पुन्हा घडवला. रक्कम ४८ कोटी २० लाखांवर आणली, कराचा दर हजारामागे १ डॉलर १० सेंटपर्यंत उतरवला, कोणत्या शाळांचे काय होणार ते स्पष्ट सांगितले आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती नेमली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ‘होय’ म्हटले. लोकांनी आधी शाळा नाकारली नव्हती. कच्चा हिशेब नाकारला होता. पक्का आणल्यावर मंजूर केला. एखादी तज्ज्ञ समिती याहून वेगळे काय करते?

२०१७ मध्ये याच शहराने ७९ कोटी डॉलर मंजूर केले, २०२० मध्ये महासाथीच्या ऐन काळात १२० कोटी, तेही सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी, आणि २०२५ मध्ये १८३ कोटी. ज्या शहरातल्या बहुसंख्य घरांत शाळकरी मूलच नाही, त्या शहराने हे केले. आणि लोक भावनेपोटी जुन्याला चिकटून बसतात, हा आक्षेपही इथे टिकत नाही. २०१७ च्या रोख्यांतून मॅडिसन आणि बेन्सन या हायस्कुलांचे नूतनीकरण झाले, तर लिंकन आणि केलॉग या शाळा पाडून नव्या बांधल्या गेल्या. त्याच मतपत्रिकेवर, त्याच लोकांनी. प्रत्येक इमारतीचा प्रश्न वेगळा आहे हे त्यांना समजत होते. सरसकट सूत्र मतदारांनी लावले नाही, ते पाडापाडीच्या पुरस्कर्त्यांनी लावले.

माझ्या पक्षाला अडचणीचा ठरेल असा एक पुरावा मी लपवणार नाही. २०१७ च्या मतदानाआधी मांडलेले खर्चाचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी होते. बेन्सनचे काम पूर्ण करायला २०२० च्या रोख्यांतून पैसा घ्यावा लागला. हे गंभीर आहे. पण यात चूक कोणाची? अंदाज मतदारांनी काढले नव्हते. ते जाणकारांनीच काढले होते आणि मतदारांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. जाणकारांची चूक दाखवून मतदारांचा अधिकार काढून घ्या, असे म्हणणे कोणत्या तर्कात बसते? उलट ही तफावत चव्हाट्यावर आली, मंडळाला जाब द्यावा लागला आणि तीन वर्षांनी पुन्हा त्याच लोकांपुढे उभे राहावे लागले. मतदान नसते तर ही रक्कम एखाद्या पुरवणी मागणीत निमूट मंजूर झाली असती.

मतदारांवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न कॅलिफोर्नियाने कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या जनमताच्या प्रस्तावाने मालमत्ता करावर मर्यादा घातली आणि असे रोखे काढण्याचा मार्गच बंद केला. तो १९८६ मध्ये दोन-तृतीयांश बहुमताच्या अटीवर पुन्हा उघडला. तीनपैकी एका मतदाराला उरलेल्या दोघांना अडवता येईल, अशी ती अट होती. नोव्हेंबर २००० मध्ये ‘प्रपोझिशन ३९’ने शाळांसाठी ती ५५ टक्क्यांवर आणली. बदल्यात कामांची नेमकी यादी, दरवर्षी आर्थिक आणि कामगिरीचे स्वतंत्र लेखापरीक्षण आणि करदाते, ज्येष्ठ नागरिक, व्यावसायिक व पालक यांच्या प्रतिनिधींची देखरेख समिती बंधनकारक केली. विश्वास वाढवला आणि त्याबरोबर हिशेबही वाढवला. हा सौदा मला आदर्श वाटतो.

लोकांचा कौल आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचा असतो का, याचे उत्तरही कॅलिफोर्नियातच मिळते. स्टेफनी सेलिनी, फर्नांडो फरेरा आणि जेसी रॉथस्टाइन यांनी २०१० मध्ये तिथल्या निसटत्या मतदानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोखे मंजूर झालेल्या डिस्ट्रिक्टमध्ये घरांच्या किमती वाढल्या. शाळेच्या इमारतीवर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरसाठी घर घेणारे दीड डॉलर किंवा त्याहून अधिक मोजायला तयार होते, असे त्यांचे गणित निघाले. म्हणजे मतदार पैसे उधळत नव्हते. उलट, जितका खर्च व्हायला हवा त्यापेक्षा कमीच मंजूर करीत होते. घरी मूल नसलेल्या म्हाताऱ्या घरमालकाचा यात काय लाभ, असे विचारणाऱ्यांनी घरांच्या किमतींविषयीचे वरचे वाक्य पुन्हा वाचावे.

या पद्धतीत एक खरा अन्याय आहे, आणि आश्चर्य असे की पूर्वपक्ष त्याचा उल्लेखही करत नाही. शाळेचा पैसा घरपट्टीतून येणार असेल तर गरीब वस्तीने कितीही ‘होय’ म्हटले तरी हाती काय लागणार? टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात १९६८ मध्ये एजवूड हायस्कुलाची मुले मोडकळीला आलेल्या इमारतीच्या निषेधार्थ वर्गाबाहेर पडली. त्या गरीब, मेक्सिकन वंशाच्या वस्तीत शंभर डॉलर मूल्यामागे १ डॉलर ५ सेंट कर होता आणि त्यातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत. त्याच शहरातल्या श्रीमंत अ‍ॅलामो हाइट्समध्ये कर होता ८५ सेंट, आणि जमत होते ३३३ डॉलर. जास्त कर देऊन बाराव्या हिश्श्याहूनही कमी पैसा! पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा फेटाळला. शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमत म्हणाले. तो निकाल आजही उभा आहे. पण याचा उपाय काय? एजवूडच्या लोकांचा कौल घेणे थांबवायचे, की त्यांच्या कौलामागे राज्याचा पैसा उभा करायचा? लोकांनी आपल्या ऐपतीबाहेर जाऊन ‘होय’ म्हटले होते. कमतरता त्यांच्या इच्छेत नव्हती.

राहिला विक्रीचा मुद्दा. रिकामी शाळा म्हणजे पांढरा हत्ती, असे म्हणणाऱ्यांनी पोर्टलंडचे मार्शल हायस्कूल पाहावे. २०११ मध्ये ते बंद झाले. विकले असते तर चार पैसे आले असते. ते ठेवले, म्हणून फ्रँकलिनचे नूतनीकरण चालू असताना तिथली मुले मार्शलमध्ये बसली. नंतर ग्रँटची, मग मॅडिसनची, मग बेन्सनची. एका बंद शाळेने चार शाळांना आसरा दिला. सिअ‍ॅटलमध्ये १९०७ चे लिंकन हायस्कूल १९८१ मध्ये पट घटल्यामुळे बंद पडले. त्यानेही बॅलर्ड, रूझवेल्ट आणि गारफील्ड या हायस्कुलांना त्यांच्या बांधकामाच्या काळात सामावून घेतले, आणि शहरातली मुले वाढल्यावर, मतदारांनी मंजूर केलेल्या निधीतून नूतनीकरण होऊन, २०१९ मध्ये ते पुन्हा स्वतःच्या नावाने हायस्कूल म्हणून उघडले.  पट घटतो तसा वाढतोही. मध्यवस्तीतली विकलेली जमीन मात्र परत मिळत नाही. वर ज्या केलॉग शाळेचा उल्लेख केला ती २००७ मध्ये बंद झाली होती आणि २०२१ मध्ये त्याच जागेवर नवी होऊन उघडली. जागाच विकली असती तर?

आणि विकून मिळते तरी किती? प्यू न्यासाने २०१३ मध्ये बारा शहरांतल्या बंद शाळांचा आढावा घेतला. २००५ पासून २६७ इमारती विकल्या, भाड्याने दिल्या किंवा अन्य कामाला लावल्या गेल्या होत्या. ३०१ अजून गिऱ्हाइकाच्या प्रतीक्षेत पडून होत्या. बहुतेक विक्री दोन ते दहा लाख डॉलरच्या दरम्यान झाली, अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भावात. १९३० च्या दशकात महामंदीच्या सरकारी कामांतून उभे राहिलेले फिलाडेल्फियाचे प्रचंड बॉक तंत्रशाळा संकुल २०१३ मध्ये बंद झाले आणि साडेसतरा लाख डॉलरला गेले. एवढ्या पैशात त्या शहरात आज एक लहान शाळाही बांधून होणार नाही. ज्या विक्रीच्या भरवशावर मुलांचे कल्याण व्हायचे, तिचा हिशेब हा असा आहे.

खासगी हाती गेलेली प्रत्येक शाळा वाया जाते, असे मी म्हणत नाही. पोर्टलंडचीच केनेडी शाळा १९१५ ची. ती १९७५ मध्ये बंद झाली, पाडली जाण्याच्या बेतात होती, शेजारच्या लोकांनी विरोध केला, आणि १९९७ मध्ये ती हॉटेल म्हणून उघडली. वर्गखोल्यांच्या निवासखोल्या झाल्या आणि काही ठिकाणी काळे फळेही राखले गेले. ती वाचली, कारण लोकांना विचारावे लागले. माझा आग्रह तेवढाच आहे. वापर बदलो, मालकही बदलो, पण लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतीचा निकाल लोकांच्या नकळत लागू नये.

कारण इमारतीचे मोल विक्रीच्या दिवशी कळतेच असे नाही. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात १९२६ साली बांधलेली मन्रो प्राथमिक शाळा ही काळ्या मुलांसाठीची वेगळी शाळा होती. १९५४ मध्ये ज्या ‘ब्राउन’ खटल्याने शाळांमधली वर्णभेदाची भिंत घटनाबाह्य ठरवली, तो खटला ज्या पालकाच्या नावाने ओळखला जातो त्याची मुलगी याच शाळेत जात होती. शाळा १९७५ मध्ये बंद झाली, गोदाम झाली, हात बदलत गेली, आणि १९९० मध्ये विक्रीला निघाली. सजग नागरिकांनी धावपळ केली, १९९२ मध्ये संसदेने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले आणि निकालाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, १७ मे २००४ रोजी, ती लोकांसाठी उघडली. आज ज्या खोल्यांत ती मुले बसत होती त्या खोल्यांतून फिरता येते.

इथे मराठी वाचकाच्या मनात पुण्याचा भिडेवाडा आल्यावाचून राहणार नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती त्या वाड्यात. तो मोडकळीला आला, त्याच्या दर्शनी भागात दुकाने चालत राहिली, स्मारकाचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला, आणि निकाल लागला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, वाडा पाडला गेला. तिथे आता स्मारक होईल आणि ते भव्य असो. पण ज्या जोत्यावर पहिल्या मुलींनी पाय ठेवला ते आपण कोणाला दाखवणार? टोपेकाला खोल्या राखता आल्या. आपल्या हाती जागा राहिली.

या वादाचा आपल्याशी संबंध इथे संपत नाही. शाळेसाठी स्थानिक पैसा ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात सारावसुलीवर रुपयाला एक आणा लोकल फंडाचा कर बसला आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवला गेला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरांतून मूठ-मूठ धान्य मिळाले. आज जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत फरशी, रंग, संगणक, कुंपण हे लोकवर्गणीतून झाले आहे. पैसा देताना गाव लागते. मग त्या शाळेची खोली निर्लेखित करताना, पट वीसच्या खाली गेला म्हणून शाळाच दुसऱ्या गावी हलवताना, गाव का लागत नाही? २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा मोजल्या गेल्या. त्या प्रत्येक शाळेला एक इमारत आहे, आणि त्या इमारतीचे पुढे काय, हा प्रश्न आज ना उद्या कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे.

तो टेबलावर येण्याआधी ग्रामसभेत यावा, एवढी माझी मागणी आहे. दुरुस्तीचे आणि नव्या बांधकामाचे अशी दोन्ही अंदाजपत्रके, मुलांच्या प्रवासाचा खर्च धरून, गावासमोर वाचली जावीत. शाळा बंद करायची असेल तर इमारत वाचनालयाला, अंगणवाडीला, आरोग्य उपकेंद्राला की आणखी कशाला द्यायची, हे त्याच सभेत ठरावे. ठराव झाल्याशिवाय एकाही खोलीच्या निर्लेखनाची फाइल पुढे सरकू नये. आपल्या गावच्या शाळेबाबत असा प्रस्ताव निघाला असेल, तर येत्या ग्रामसभेत हात वर करा आणि ही दोन्ही अंदाजपत्रके मागा.